धम्मपाल ड्रायव्हरची निळी गाडी

"भ्यालेला डायव्हर घरी पोचतो," असं धम्मपाल म्हणायचा. डेपोत नवीन पोरगा कामावर आला, की त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा. मागून कुणी उतावळा प्रवासी "डायव्हरसाहेब, जरा दाबा की" असं ओरडला, तर आरशातून त्याच्याकडं बघून म्हणायचा. घरी उशिरा आला, बायकोनं कपाळाला आठी घातली, तरी हेच वाक्य तिच्यापुढं ठेवून तो हात धुवायला जायचा. आशाबाई मागून म्हणायची, "पोचतो खरा, पण भाकरी गार झाल्यावर."

आता असं बोलणारा माणूस भित्रा असेल असं कुणालाही वाटेल. धम्मपाल भित्रा नव्हता. एसटीत त्यानं उभी हयात काढली, आणि माणूस सोडा, रस्त्यात दाणे टिपणाऱ्या कोंबडीलाही त्याचं चाक कधी शिवलं नाही. त्याची भीती पाळलेली होती. राखणीच्या कुत्र्यासारखी ती त्याच्या सीटखाली अंग मुडपून पडायची. वळण आलं, गाव आलं, शाळा सुटायची वेळ झाली, की कान टवकारून उठून बसायची, आणि रस्ता मोकळा झाला की पुन्हा डोळे मिटायची. तिच्या जिवावर त्यानं घाट चढले, धुकं कापलं, पुराच्या पाण्याअलीकडं गाडी रात्रभर उभी ठेवली आणि शिव्या खाल्ल्या. शिव्या देणारे सगळे जिवंत घरी गेले.

जन्म कन्नड तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. बाप लोकांच्या बैलगाड्या हाकायचा. गाडी दुसऱ्याची, बैल दुसऱ्याचे, गाडीतला कापूसही दुसऱ्याचा. बापाचा स्वतःचा होता तो फक्त हाकारा. पोरगा एसटीत लागला तेव्हा बाप मुद्दाम बस बघायला डेपोत आला. पुढच्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लई मोठी गाडी हाय रं. पर आपली नाय, हे ध्यानात ठेव. दुसऱ्याची चीज जास्ती जपावी लागती."

धम्मपालनं जपली. आणि त्या जपण्यात निम्मा वाटा गयासभाईंचा होता.

गयासभाई त्याचे कंडक्टर. राहायला शहरातल्या किराडपुऱ्यात. उंच, किडकिडीत, पान खाऊन लाल झालेले दात आणि जिभेवर सदा एखादी कोटी. दोघांची ड्यूटी बरीच वर्षं एकाच गाडीवर लागत राहिली, आणि मग जोडी अशी जमली की डेपोतले लोक म्हणायचे, धम्मपालला पडसं झालं की गयास शिंकतो. एसटीचा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली, टिंग टिंग झालं, की गाडी हलायची. एकदाच ओढली की थांबायची. ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? पायरीवर अडखळलेली म्हातारी, दारात अडकलेला पदर, खाली उतरून पुन्हा पिशवीसाठी वळलेला माणूस, हे सगळं गयासभाईंच्या डोळ्यांना दिसायचं आणि घंटीतून धम्मपालच्या कानात पोचायचं. म्हणून तो गाडी पायानं नव्हे, कानानं चालवायचा. डबल बेल मिळाल्याशिवाय त्याचा पाय क्लचवरून उठत नसे. सिंगल बेल तर लग्नाच्या वरातीतल्या बँडमधूनही त्याला ऐकू यायची. आपण चुकलो तर मागून कुणीतरी टोकेल, हा त्याचा मोठा धीर होता.

त्याला एकच मुलगी, निशा. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती बापाबरोबर बसमध्ये यायची, इंजिनाच्या झाकणावर घोंगडी घालून बसायची आणि बापाचे हात बघायची. एकदा नगर नाक्याच्या सिग्नलला बसशेजारी एक बुटकी, लांब नाकाची गाडी येऊन थांबली. नुसती घुरघुरत होती. दिवा हिरवा झाला आणि ती गाडी अशी गेली, जशी हातातून मासोळी जाते. धम्मपाल गियर टाकता टाकता म्हणाला, "एकदा असली गाडी चालवून बगितली पायजे." सुपारी चघळता चघळता माणूस काहीतरी बोलून जातो, तसं ते बोलणं. पुढचा थांबा येईपर्यंत तो ते विसरलाही.

पोरगी विसरली नव्हती. ती शिकली, पुण्याला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर झाली, आणि बाप निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात एका सकाळी पुंडलिकनगरच्या त्यांच्या गल्लीत तसलीच गाडी घेऊन आली. निळी, दोन दारांची, दोनच सीटांची, विलायती. नवी नव्हे; पुण्यातल्या कुणा हौशी माणसानं चार-पाच वर्षं फिरवून विकलेली. पण अंगावरचा निळा रंग असा की त्यात समोरच्या घरांच्या गॅलऱ्या आणि वाळत घातलेले कपडे दिसावेत.

गल्ली गोळा झाली. समोरच्या पिठाच्या गिरणीतून सोमनाथ पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर आला. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "मामा, ही गाडी हाय का चप्पल?"

सगळे हसले. धम्मपालही हसला. निशानं चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"पप्पा, कागद तुमच्या नावावर केलेत. जन्मभर दुसऱ्याची चालवलीत ना? आता ही तुमची. आणि तुमच्याइतकी चांगली दुसरं कोण चालवणार?"

या शेवटच्या वाक्यानं घात केला. निशाला वाटायचं, आपला बाप कशालाच भीत नाही. लहानपणी झाकणावर बसून तिनं जे हात बघितले होते ते कधीच कापले नव्हते. त्या हातांची लाज आता राखायची होती.

निशा पुण्याला परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसला. बसला कसला, उतरला. विहिरीत उतरावं तसा. बसमधून त्याला जग वरून दिसायचं. भिंतीपलीकडची अंगणं, बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांमधली भाजी, उसाचे शेंडे. इथं डोळ्यासमोर आली रिक्षाची चाकं, स्कूटरचं धुराडं आणि गल्लीतलं कुत्रं. कुत्र्याची आणि त्याची नजर एका पातळीवर भिडली. कुत्र्यानंच आधी मान वळवली.

त्यानं इंजिन सुरू केलं. पुढच्या लांब नाकातून काहीतरी गुरगुरलं आणि पाठीच्या मणक्यात घुमलं. धम्मपाल भ्याला. ही सीटखाली झोपणारी भीती नव्हती. त्या पाळलेल्या भीतीला या गाडीत जागाच नव्हती. ही दुसरीच होती, रानातली. तिला अजून नावानं हाक मारता येत नव्हती.

गाडी घुरघुरत उभी. धम्मपाल आत बसलेला. वेळ गेला. आशाबाई पायरीवर येऊन उभी राहिली.

"अवो, निघा की. कुणाची वाट बगताय?"

कुणाची, ते त्यालाही कळेना. मग कळलं, आणि कान गरम झाले. तो डबल बेलची वाट बघत होता.

त्यानं इंजिन बंद केलं आणि गयासभाईंना फोन लावला.

गयासभाई स्कूटीवरून आले. गाडी बघून त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "क्या उस्ताद! रिटायर होके भी मेरी ड्यूटी लगाए?" मग गुडघे दुमडून, टोपी सांभाळत, एकेक अवयव आत घेत ते शेजारी बसले. "या अल्ला, ये बैठने की गाड़ी है की लेटने की?" खिशातून एक नाणं काढलं आणि समोरच्या फळीवर दोनदा वाजवलं. टण टण.

धम्मपालचा पाय क्लचवरून आपोआप उठला. गाडी हलली.

आणि गल्लीच्या तोंडाशीच गाडीचं नाक सोमनाथच्या गिरणीच्या पायरीला जाऊन टेकलं.

हे का झालं ते ऐकण्यासारखं आहे, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून ते होणार नाही. बसमध्ये ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढं, अगदी काचेला नाक लावून बसतो. पुढची चाकं त्याच्या बुडाखाली असतात. म्हणून वळणावर तो आधी स्वतः कोपऱ्याच्या पार जातो आणि मग चाक फिरवतो. त्याआधी फिरवलं तर मागचं लांबडं अंग कोपऱ्यावरचं दुकान घेऊन येईल. धम्मपालच्या हातांत ते इतकं मुरलेलं, की कोपरा मागं पडल्याशिवाय हात हलेनातच. आणि या गाडीत तो बसलेला मागं, पुढं हे लांबलचक नाक. तो कोपऱ्यापाशी पोचेपर्यंत नाक समोरच्या पायरीवर पोचलेलं.

सोमनाथ गिरणी बंद करून दारात आला. कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"मामा, दळण टाकायला आलात का?"

गयासभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. धम्मपाल हसला नाही. त्याच्या अख्ख्या जन्मात गाडी कशाला टेकली नव्हती.

त्या संध्याकाळी निशाचा फोन आला. "कशी चालते, पप्पा?"

"एक नंबर," धम्मपाल म्हणाला. "आजच शेंद्र्यापर्यंत जाऊन आलो."

आशाबाईनं मेथी निवडता निवडता वर बघितलं आणि काडी दातात धरली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "शेंद्रा लई जवळ आला म्हणायचा. गिरणीशेजारीच."

एकदा खोटं बोललं की त्याला चारा घालावा लागतो. पुढच्या फोनला तो बिडकीनला जाऊन आला, त्याच्या पुढच्याला पैठणला. प्रत्यक्षात तो रोज पहाटे गाडी पुसायचा, आत बसायचा आणि वास घ्यायचा. चामड्याचा वास, आणि पहिल्या मालकाचा कसलासा मंद सुगंध, जो जाता जात नव्हता. गाडी आपल्या नावावर आहे हे त्याला ठाऊक होतं. पण आपली चीज कशी जपतात, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा आला तर वरिष्ठांचा मेमो येतो, चौकशी होते, माणूस उत्तर देतो आणि मोकळा होतो. इथं उत्तर कुणाला द्यायचं?

तरी गयासभाईंनी त्याला सोडलं नाही. आठवड्यातून एकदा, कारखान्यांना सुट्टी असेल त्या दिवशी, ते त्याला वाळूजकडं घेऊन जायचे. बजाजनगरच्या पलीकडं मोठे रस्ते ओस पडलेले असायचे. तिथं टण टण करून गाडी सुटायची. हळूहळू हात शिकले. कोपरा येण्याआधी चाक फिरवायला शिकले. गतिरोधक आला की गाडी तिरकी घालायची, नाहीतर पोट खरवडतं आणि तो आवाज आपल्याच बरगड्यांतून येतो, हेही कळलं. पाय मात्र शिकायला तयार नव्हता. बसचा पेडल म्हणजे मुसळ. सगळं वजन टाकावं तेव्हा दाद द्यायचा. इथं पाय नुसता टेकवला, की गाडी दचकलेल्या घोड्यासारखी उडायची आणि धम्मपालचं डोकं मागं आपटायचं. गयासभाई दोन्ही हातांनी सीट धरून कलमा म्हणायचे. मग म्हणायचे, "डरो नक्को उस्ताद. डरा तो मैं हूँ."

पावसाळा गेला. थंडी पडली. ज्वारी पोटऱ्यात आली. आणि एका सकाळी गयासभाई म्हणाले, "कितने दिन गोल-गोल घूमते? चलो, पडेगाव की तरफ निकलेंगे."

नगर नाका मागं पडला. छावणीतली मोठी झाडं गेली. पडेगावची शेवटची घरं सरली आणि समोर रस्ता पडला, सरळ, काळा, दवानं चमकणारा. दूर किल्ल्याचा डोंगर निळसर उभा होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. धम्मपालनं पाय जरासा दाबला. गाडी म्हणाली, हं. त्यानं आणखी दाबला.

आणि मग जे झालं ते त्याला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. झाडं उभी राहायची थांबली. रस्ता त्याच्या अंगाखालून वाहू लागला, पाटाचं पाणी सोडावं तसा. आवाज मोठा होता, पण आत, छातीत, सगळं गप्प झालं. बाप नाही, डेपो नाही, मेमो नाही, मागं पन्नास-साठ जिवांचं ओझं नाही. जन्मभर ज्यानं दुसऱ्याला वाट दिली, त्याला पहिल्यांदाच सगळी वाट मिळाली. तो हसत होता. हसतोय हेही त्याला कळत नव्हतं.

पुढं कितीतरी अंतर गेल्यावर त्यानं पाय उचलला. गाडी कडेला घेतली. कान वाजत होते.

"काय गाडी हाय, गयासभाई!" तो म्हणाला. "आं? काय गाडी हाय!"

गयासभाईंच्या ओठांतून पानाचा रस हनुवटीवर आला होता आणि त्यांनी तो पुसला नव्हता. नाणं मुठीत होतं.

"उस्ताद," ते हळूच म्हणाले, "मैं बेल मारा."

"कवा?"

"औरतां थीं रस्ते में. घास के भारे लेके. मैं एक बेल मारा. फिर मारा. फिर चिल्लाया." त्यांनी समोरच्या फळीवर बोट ठेवलं. तिथं नाण्यानं पडलेले ओरखडे होते. "तुम सुने नहीं."

धम्मपालनं आरशात बघितलं. खूप मागं, रस्त्याच्या मध्यभागी, गवताचा एक भारा सुटून पसरला होता. कडेच्या खड्ड्यात लुगड्यांचे रंग दिसत होते. बायका उठत होत्या. एक हात वर करून काहीतरी ओरडत होती. तिचा आवाज इथवर पोचत नव्हता. सगळ्या उभ्या राहिल्या, हे त्यानं पुन्हा पुन्हा मोजून बघितलं.

त्याला बायका दिसल्याच नव्हत्या. बेल ऐकूच आली नव्हती.

परत येताना तो इतका हळू आला की पडेगावात एका बैलगाडीनं त्याला मागं टाकलं. घरी आल्यावर त्यानं गाडीवर कापड घातलं, चारही टोकांना विटा ठेवल्या. आशाबाईनं चहा पुढं केला तर त्यानं कप घेतला आणि प्यायचं विसरला. तिनं कप त्याच्या हातातून घेतला, चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्या ओठांना लावली.

गयासभाई जाताना म्हणाले, "बेटी को बोल दो. सच्ची बात बोल दो."

"काय बोलू? भीती वाटती म्हणून?"

"हौ. उसमें क्या शरम?"

धम्मपालनं नकाराची मान हलवली. खरी गोष्ट गयासभाईंनाही कळली नव्हती. गाडीची भीती असती तर त्यानं सांगितलीही असती. म्हातारपण आहे, हात-पाय ऐकत नाहीत, असं म्हणता आलं असतं. लोक हसले असते आणि विषय मिटला असता. पण भीती गाडीची नव्हती. त्या रस्त्यावर आपण किती सुखी होतो, याची होती. अंथरुणावर पडला की बायकांच्या आधी त्याला तो वाहणारा रस्ता आठवायचा, आणि उजवा पाय चादरीखाली आपोआप ताणला जायचा. तो पाय त्याला परका वाटू लागला. आयुष्यभर जो पाय दुसऱ्यांच्या जिवासाठी धावला, त्याच्या आत असलं काही दडून बसलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

असे काही आठवडे गेले. फोनवर तो पैठणला, लोणारला जातच होता.

मग निशा आली. न सांगता, शनिवारच्या सकाळी. तिनं गाडीवरचं कापड ओढून काढलं आणि टाळी वाजवली. "पप्पा, चला. वेरूळपर्यंत जाऊ. तुम्ही चालवा, मी बघत बसते. लहानपणी बसायची ना, तशी."

"आज नगं. आज जरा डोकं..."

"पैठणला जाताना डोकं दुखत नाही, आणि मी आले की दुखतं?"

आशाबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. सांगायचं असेल तर आता, असं ते बघणं. धम्मपालनं चावी घेतली.

तो हळू निघाला. फार हळू. हात स्टेअरिंगवर असे आवळलेले, की पेरं पांढरी पडली. नगर नाका गेला, छावणी गेली. मागून स्कूटर, रिक्षा, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली त्याला ओलांडून जात होत्या. निशा आधी हसली, मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"पप्पा, तो सायकलवालासुद्धा पुढं गेला."

"जाऊ दे."

"तुम्हाला आवडली नाही का गाडी?" तिचा आवाज बारीक झाला. "खरं सांगा. मी उगीच आणली का?"

पडेगाव सरलं होतं. समोर तोच रस्ता पडलेला होता, उन्हात. किल्ल्याचा डोंगर तोच. धम्मपालला एवढंच म्हणायचं होतं की आवडली, लई आवडली, म्हणूनच. पण शेजारी बसलेल्या लेकीचा चेहरा पडत चालला होता. आणि पाय, तो परका पाय, हे सगळं ऐकत बसला होता.

"थोडीशी तरी पळवा ना," निशा म्हणाली.

पायानं दाबलं.

गाडी सुटली. निशा ओरडली, मग खळखळून हसली. झाकणावर बसलेली पोर हसायची तशी. ते हसणं ऐकून धम्मपालच्या अंगातली भीती वितळली. खरं तर ती तिथंच होती, पण या आवाजात तिचं भुंकणं ऐकू येईना. मिटमिटा गेलं. शरणापूरचा फाटा गेला. किल्ला जवळ आला, मोठा झाला, बाजूनं सरकला.

दौलताबादच्या पुढं रस्ता जुन्या तटबंदीतून जातो. दगडी कमान आहे, तिच्यातून एका वेळी एकच गाडी निघते. अलीकडं वळण, आणि वळणावर दोन्ही अंगांना पेरूवाल्या बायका पाट्या मांडून बसतात. धम्मपालनं त्या कमानीतून बस किती वेळा काढली, त्याला गणती नाही. त्या वळणाच्या कितीतरी आधी त्याचा पाय ब्रेकवर जायचा. त्या सकाळी तो गेला नाही.

वळण आलं आणि रस्त्याच्या मध्यावर त्या पेरूवाल्यांतलीच एक, चंपाबाई होती. म्हातारी, डोक्यावर पेरूंची पाटी, एक हात पाटीला, दुसरा पदराला. कमानीतून समोरची गाडी यायची थांबली होती म्हणून ती पलीकडं निघाली होती.

धम्मपालनं सगळं अंग ब्रेकवर टाकलं. बसचा ब्रेक दाबावा तसा. टायर किंचाळले. मागचं अंग सरकलं, निळं नाक भिरभिरलं, कमान, आकाश, डोंगर सगळं एकदा काचेवरून पुसत गेलं. आणि मग शांत झालं. रबर जळाल्याचा वास आला.

रस्त्यावर पेरूच पेरू होते. चंपाबाई दिसत नव्हती.

तो दार उघडून बाहेर पडला. तसाच पुढं गेला. चंपाबाई गाडीच्या नाकापुढं खाली बसली होती. तिच्या आणि गाडीच्या मध्ये हातभर जागा होती. तिला काही लागलं नव्हतं. तिचे पायच गेले होते अंगाखालून, म्हणून ती बसली होती. पाटी तिच्या मांडीवर उपडी होती.

मग तिला आवाज फुटला.

"मुडद्या! डोळे हायत का कवड्या? पोराबाळांचा धनी दिसतोस, केसं पिकली तुझी, अन् असं हाकतोस? माझी नात वाट बगत बसली असती रं घरी!"

"व्हय, माय," धम्मपाल म्हणाला.

"काय व्हय माय? मारलं असतंस मला!"

"व्हय."

हे एवढं साधं 'व्हय' ऐकून तिनं पदरानं तोंड पुसलं. त्यानं तिला धरून उठवलं, कडेच्या दगडावर बसवलं, बाटलीतलं पाणी पाजलं. मग तो रस्त्यावरचे पेरू वेचायला लागला. एकेक उचलून सदऱ्याला पुसून पाटीत ठेवत होता. निशा गाडीतून उतरली होती, दाराला धरून उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते.

"पप्पा," ती म्हणाली, "मी म्हटलं पळवा म्हणून. माझी चूक झाली."

"नाय, बाई." त्यानं एक फुटलेला पेरू बाजूला ठेवला. "तू म्हणायच्या आदीपास्नं पाय निघालेला होता. मी पैठणला कधी गेलो नाय. लोणारला बी नाय. एकदाच आलतो या रस्त्यानं, अन् गवतवाल्या बायका मरता मरता राहिल्या. गयासभाईंनी बेल मारली, मला ऐकू आली नाय."

निशानं गाडीचं दार सोडलं.

"तुला वाटतं तुझा बाप कशाला भेत नाय. मी सगळ्या जन्मात कधी येवढा भेलो नव्हतो, निशा. अन् गाडीला नाय भेत. मला ती लई आवडती. तिच्यात बसलं की मला दुसरं कुणी दिसत नाय. तूबी शेजारी होतीस, मला दिसत नव्हतीस."

निशानं तोंडावर हात घेतला. पुढं होऊन तिनं त्याचा दंड धरला. "हळू चालवा. मी आहे ना बाजूला. मी सांगत जाईन. चला, घरी जाऊ."

"नाय."

"मग विकायची का?"

"तू चालव, तू ठेव, वीक, तुझं तू बघ. मला आता त्या सीटवर बसवू नगंस." त्यानं चावी तिच्या हातात दिली. "आधी माईला घरी सोड. पाटी मांडीवर घिऊन बसंल ती. अन् हळू."

चंपाबाई दगडावरून म्हणाली, "मी नाय बसायची त्या मढ्यात. चालत जाईन, नायतर पोरगं न्यायला यील."

धम्मपालनं पाटी तिच्या पायाशी ठेवली. वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं पाय मागं ओढले नाहीत. मग त्यानं पाठ वळवली आणि किल्ल्याच्या दिशेनं, जिथं शहराकडं जाणारी बस थांबते, तिकडं चालू लागला. कमानीपुढं थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. तो रस्त्याच्या अगदी कडेनं, तटबंदीच्या दगडांना खेटून चालत होता. उजवा पाय जपून टाकत होता, कुणा आजाऱ्याला हात धरून न्यावं तसा.

"कुटं चालला गं त्यो?" चंपाबाईनं विचारलं.

"बस धरायला," निशा म्हणाली. चावी मुठीत धरून ती निळ्या गाडीपाशी उभी होती, आणि म्हातारी दगडावर बसून होती. दोघी त्याच्याकडं बघत होत्या. वळणावर पोचला तरी त्यानं मागं बघितलं नाही. मग तटबंदी आडवी आली.